उजवा जुन्यात, डावा नव्यात

वसईजवळच्या होळी गावच्या ऑस्कर आजोबांचे दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकले आणि सरकार त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी प्रसन्न झालं. केंद्राच्या नोकरीतून निवृत्त म्हणून एक आरोग्य योजना होतीच. आता सत्तरी उलटली म्हणून दुसरीही दारात उभी. अट एवढीच, की दोन्हींपैकी एकच घ्यायची. (अटीशिवाय सरकार प्रसन्न होतं कधी?)

चर्चच्या सणाला बायबलमधलं पहिलं वाचन कायम आजोबांचं. पण मागच्या रविवारी त्यांनी अर्धं वाचन अंदाजानेच उरकलं, तेव्हा फादर म्हणाले, “आधी डोळे, मग वाचन.” सण तर महिन्यावर आलेला.

“आजोबा, पटकन एक योजना निवडा,” नात जीना फोन सरसावून म्हणाली. पोरगी एम.कॉम., पण म्हाताऱ्यांसमोर तिचा उतावळेपणा दुधासारखा उतू जायचा.

“निवडायची कशाला? लग्नाची दोन आमंत्रणं आली तर आपण एकाला नाही म्हणतो का? दोन्हीकडे थोडं थोडं जेवतो. उजवा डोळा जुन्या योजनेत, डावा नव्यात.”

“आणि नाक?” जीना भडकली.

“नाकाला काय झालं?” सालोमी आजी घाबरून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“काही नाही झालं, आजी!”

“मग दाखवायचं कशाला? आणि जुनीला काय वाटेल गं? एवढी वर्षं सांभाळलं तिने.”

“योजनेला काही वाटत नसतं!”

हा घोळ हॉस्पिटलच्या रांगेपर्यंत चालला. शेवटी जीनाने “नवीन ते चांगलंच असणार” म्हणत फोनवर बोट दाबलं आणि काउंटरवर फोन ठेवला, लढाई जिंकल्यासारखा.

काउंटरवरच्या हंसाताईंनी फोन पाहिला, जीनाला पाहिलं आणि काउंटरवर टांगलेल्या बोर्डाकडे बोट दाखवलं. हातहातभर अक्षरं: ‘येथे फक्त केंद्रीय कर्मचाऱ्यांची योजना चालते.’

“मग परत जुनी करा!”

“निवड एकदाच करायची असते, मॅडम. आता नव्या योजनेच्या हॉस्पिटलात नंबर लावा. डोळे होतील, पण दोनेक महिने जातील.”

म्हणजे सण गेला. घरी येताना रिक्षात जीना रडायच्या बेतात. अखेर आजोबांनी घसा खाकरला.

“फादरना सांगतो. यंदाचं वाचन आमची जीना करेल.”

जीनाला भरून आलं. “खरंच, आजोबा?”

“हो तर. नजर चांगलीच आहे तुझी, बाय. महिनाभरात वाचायची सवय तेवढी लाव.”