टकटकरावाच्या ढोल्या आणि पौर्णिमेचा परवाना

एका जंगलात टकटकराव नावाचा सुतारपक्षी राहायचा. झाडात ढोली कोरावी तर त्यानंच. द्रोणभर अळ्या द्यायच्या, ढोली घ्यायची. झाड पडेपर्यंत ती तुमची. असा साधा कारभार होता, बाळांनो. म्हणूनच तो टिकला नाही.

एक दिवस त्याला शहर पाहून आलेला कोल्हा भेटला. शहर म्हणजे काय, तर शहरामागचा उकिरडा. पण पाहून आला होता खरा.

"अरे वेड्या, ढोली कसली विकतोस?" कोल्हा म्हणाला. "ढोली तुझीच ठेव. राहण्याचा परवाना वीक. दर पौर्णिमेला नवा!"

"आणि कुणी अळ्या दिल्याच नाहीत तर?"

"ढोलीच्या तोंडाला बोळा!"

टकटकरावाला ते भलतंच पटलं.

झालं! दर पौर्णिमेला वसुली सुरू झाली. वर फुकटात 'अपडेट'. म्हणजे टकटकराव यायचा आणि ढोलीत कुठंतरी ठोकून जायचा. घुबड बिचारं पहाटे घरी परतलं, तर दार दुसऱ्याच बाजूला!

मग पोपटांनी शक्कल लढवली. परवाना एकाच्या नावावर, आणि पाळीपाळीनं आत सगळा थवा. ओळखणार कसं? मेले सगळेच हिरवे! कोल्हा चिडला. त्यानं नवा नियम काढला. जितक्यांदा आत शिराल, तितक्या अळ्या.

हे ऐकून धनेशपंतांचं धाबं दणाणलं. धनेशपंत म्हणजे मोठ्या पिवळ्या चोचीचे सज्जन गृहस्थ. धनेशीणबाईंचे दिवस भरत आले होते. ढोली नसली, तर अंडी घालायची कुठं?

"अगं, तुला आणि पिल्लांना भरवायला मी दिवसभर आत-बाहेर करणार," पंत रडकुंडीला आले. "आपलं दिवाळं निघेल गं!"

"अहो, आपल्यात बाळंतीण ढोलीत कशी राहते, विसरलात?" बाई हसल्या. "लग्नात नुसतेच जेवलात वाटतं!"

दुसऱ्या दिवशी बाई ढोलीत शिरल्या. एकदाच. आतून त्यांनी चिखलानं दार लिंपून घेतलं आणि चोचीपुरती फट ठेवली. धनेशांची रीतच आहे ती. पंत बाहेर बसून उंबरं भरवू लागले.

कोल्हा धावत आला. "पंत, कितीदा आत गेलात?"

"मी? मी तर बाहेरच आहे."

"पण तुमची चोच आत जाते!"

"छे हो. हिचीच बाहेर येते."

"थांबा, ढोलीला बोळाच घालतो!"

"तो आम्ही आधीच घातलाय," आतून बाई म्हणाल्या.

टकटकराव अपडेट द्यायला आला. बाईंनी फटीतून त्याला अशी चोच हाणली, की त्यानं पुन्हा त्या झाडाचं नाव नाही काढलं.

बघता बघता जंगलातला चिखल संपायला आला. पोपटांनी, खारींनी, घुबडिणीनंसुद्धा दारं लिंपली. टकटकराव उपाशी पडला.

"कोल्हेदादा, मेलो की हो मी!"

कोल्हा कसला डगमगतोय! त्यानं दवंडी पिटली. "आली हो आली, अक्षय योजना! एकदाच द्या, ढोली कायमची घ्या! फक्त पाच द्रोण अळ्या!"

सगळं जंगल आनंदानं नाचलं. लोकांनी दारं फोडून रांग लावली.

इकडे पिल्लांना पंख फुटले. बाईंनी दार फोडलं. पिल्लं चांगली गुटगुटीत होती. त्यांना उजेडात बघून बाईंना भरून आलं. तेवढ्यात पंत धापा टाकत आले.

"अगं, आणली अक्षय योजना! ढोली कायमची आपली झाली! काय डोकं आहे गं त्या कोल्ह्याचं!"

"अहो, हेच पूर्वी एका द्रोणात मिळायचं ना?"

"छे! ती नुसती पद्धत होती. ही योजना आहे!"

बाई पिल्लांना जवळ घेऊन म्हणाल्या, "चोच वडिलांची घ्या रे बाळांनो. बाकी सगळं माझं घ्या."

तात्पर्य: प्रत्येक जंगलानं एक तरी कोल्हा पाळावा. तो नसता, तर एका द्रोणाच्या ढोलीची खरी किंमत पाच द्रोण आहे, हे कुणाला कळलं असतं?