अप्पांची पट्टी

अप्पा अंघोळीला गेले होते, म्हणून त्यांचा फोन सुनेनं उचलला. तिथंच माशी शिंकली.

पलीकडच्या बाई भलत्याच घाईत होत्या. "अप्पांना सांगा, आज पट्टी बदलायची आहे. कालची फार वर होती, बिचाऱ्यांना दम लागला. आज जरा खाली घेऊ." फोन बंद!

सुनेनं लगेच नवऱ्याला ऑफिसात फोन लावला. "अहो, अप्पा कुठंतरी धडपडलेत. चोरून पट्ट्या करून घेतायत. वर लागलंय आणि खालीही!"

नवरा म्हणजे काळजीचा पुतळा. मागं अप्पांना धाप लागायला लागली, तेव्हापासून "अप्पा, सावकाश. अप्पा, बसा" एवढंच त्याच्या तोंडी. जिना बंद, मोठ्यानं हसणं बंद. अप्पा रोज संध्याकाळी 'बागेत' जात. खरं तर ते वाचनालयाच्या माडीवर ज्येष्ठांच्या गायनवर्गाला जात. रविवारी त्यांचा कार्यक्रम होता आणि त्यात दोन ओळी अप्पा एकटे गाणार होते. जन्मात पहिल्यांदा! मुलाला कळलं असतं, तर त्या ओळी घशातच राहिल्या असत्या.

मुलगा धावतपळत आला. "अप्पा, शर्ट काढा."

"अरे, आत्ताच तर घातला!"

"लपवू नका. पट्टी बदलायला बोलावलंय ना बाईंनी?"

अप्पांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पट्टी म्हणजे गाण्याची, हे सांगावं तर गाणं गेलं. त्यापेक्षा जखम परवडली. "हो रे, लागलंय थोडं. गुडघ्याला."

गुडघा चकचकीत निघाला.

"बाई तर वर म्हणाल्या!" सून म्हणाली.

"मग खांद्याला असेल."

"असेल?" मुलानं त्यांना उचलून गाडीत घातलं आणि थेट डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "मोठा श्वास घ्या. सोडा."

अप्पांनी श्वास घेतला आणि सवयीनं सोडला, "आऽऽऽऽ!" तो काही संपेचना. डॉक्टरांनी कानातली नळी काढली. बाहेरचे पेशंट दारातून डोकावले.

"अहो, पुरे! मागच्या वेळी तुम्हाला धड एक वाक्य बोलवत नव्हतं. करता काय हल्ली?"

अप्पांनी मान खाली घातली. "गातो. वाचनालयाच्या माडीवर."

"माडीवर? म्हणजे जिना चढून?" मुलगा किंचाळला. "आणि ती पट्टी?"

"सुराची रे, बाबा!"

मुलाला घाम फुटला, तो मटकन खाली बसला. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरचा पट्टा त्याच्या दंडाला गुंडाळला आणि भुवया उंचावल्या. "वडिलांचं गाणं चालू द्या, छाती छान मोकळी झालीय. बघायला हवं ते तुमच्याकडे. गोळी लिहून देतो, पण संध्याकाळी तुम्ही काय करता?"

"यांची काळजी."

"ती सोडा. यांच्याबरोबर गायला जा."

त्याच संध्याकाळी मुलगा वर्गात शेवटच्या रांगेत उभा होता. अप्पांनी आपल्या दोन ओळी खालच्या पट्टीत झोकात म्हटल्या. मग सगळ्यांनी एकदम सूर लावला, आणि बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "मागं कोण एवढं वर गेलंय?"

अप्पा झटकन वळले. मुलगा लालबुंद होऊन धापा टाकत होता.

"सांभाळून घ्या, बाई, आमचाच आहे," अप्पा म्हणाले. मग त्यांनी स्वतः खुर्ची ओढून मुलाला दिली. "सावकाश रे, बाळ. बस बघू."