उडीचा आवाज

"जाणकार कशाला हवा? घरात आवाजांना काय तोटा आहे?" असं आपल्या चित्रकाराने छाती फुगवून फोनवर सांगितलं, तेव्हा त्याच्या बायकोने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नवऱ्याची छाती फुगली की पुढे काहीतरी फुटतं, हे तिला पाठ झालं होतं.

आता हा गडी चित्रात पटाईत होता, यात वाद नाही. तो करत होता जुन्या धाटणीचा, ठिपक्याठिपक्यांचा व्हिडिओ गेम. नायिका एक कोंबडी. सोळा ठिपके रुंद, सोळा ठिपके उंच, रंग चारच. एवढ्याशा जागेत कोंबडी बसवणं म्हणजे खायचं काम नाही! पहिल्या दिवशी आईने पडद्याकडे बघून "किटली छान आलीय रे" म्हटलं होतं. मग त्याने आठवडाभर खपून चोचीचा एक ठिपका पुढे सरकवला आणि किटलीची कोंबडी झाली. चालण्याची चार चित्रं, उडीची तीन. उडताना तिची शेपटी एक ठिपका मागे रेंगाळायची, आणि ती बघून त्याला स्वतःचंच भारी कौतुक वाटायचं.

या कोंबडीपायी त्याने विमा कंपनीतून सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढली होती. तिथे तो माहितीपत्रकांवर हसरी कुटुंबं काढायचा. रजा रविवारी संपत होती. शुक्रवारी चार वाजता गेम विकत घेणाऱ्या कंपनीच्या मॅडम घरी येऊन स्वतः खेळून बघणार होत्या. त्यांना आवडला तर नोकरीला रामराम, नाहीतर सोमवारी नऊ वाजता पुन्हा हसरी कुटुंबं!

राहिले होते फक्त आवाज. गेमचं सगळं कोडिंग करणारा त्याचा मित्र, म्हणजे आपला प्रोग्रामर, "एखाद्या जाणकाराला दे" म्हणून कानीकपाळी ओरडत होता. पण ऐकेल तो चित्रकार कसला!

गुरुवारी तो माईक घेऊन घरभर हिंडला. दारावरची बेल ही कोंबडीची उडी झाली. वॉशिंग मशीन कपडे धुऊन झाल्यावर वाजतं, तो दाणा मिळाल्याचा आवाज. फ्रिजचं दार उघडं राहिलं की जी टीं-टीं सुरू होते, ते कोंबडीचं मरण. हे सगळं त्याने कॉम्प्युटरवर खरवडून जुनाट करायचा प्रयत्न केला. पण घरातली यंत्रं मुळातच इतकी स्वस्तातली की आवाज खरवडूनही जसेच्या तसे राहिले! त्याला काय, उलट आनंदच झाला.

शुक्रवारी सकाळी त्याने मोठे स्पीकर लावून खेळायला घेतलं. पहिल्याच टप्प्यात उड्या होत्या एकशे चौदा.

टिंगटाँग!

आई गुडघा धरून उठली, दार उघडलं. बाहेर कुणी नाही. ती परत येऊन बसते न बसते तोच टिंगटाँग!

"कोण मेलं बेल वाजवून पळतंय गं?" आई कडाडली.

तेवढ्यात मशीन वाजलं म्हणून बायको टोपली घेऊन धावली. मशीन कोरडं ठणठणीत! ते लावलंच नव्हतं. मग फ्रिज ओरडायला लागला. आईने त्याचं दार इतक्या जोरात आपटलं की आतल्या बाटल्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. फ्रिज ओरडतोच आहे! आईने पुन्हा दार आपटलं. तिकडे बिचारी कोंबडी सातव्यांदा खड्ड्यात पडत होती.

दुपारपर्यंत आईने अकरा वेळा दार उघडलं आणि बायको पाच वेळा टोपली घेऊन धावली. शेवटी बायको त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "हा सगळा तुझा उद्योग आहे तर! आता ऐक. आज या घरात काहीही वाजू दे, आम्ही दोघी जागच्या हलणार नाही!"

"उत्तम!" तो म्हणाला. "मलाही शांतता हवीच आहे."

चार वाजून पाच मिनिटांनी सगळं तयार होतं. कोंबडी पडद्यावर निमूट उभी होती. आणि अचानक... टिंगटाँग!

चित्रकाराने तडक प्रोग्रामरला फोन लावला. "अरे, उडी न मारता उडीचा आवाज येतोय!"

"शक्यच नाही."

"ऐक तू!"

टिंगटाँग!

"आयला, खरंच की!"

"मॅडम कुठल्याही क्षणी येतील रे! काहीतरी कर!"

"थांब, उडीचा आवाजच काढून टाकतो. गेम बंद करून पुन्हा चालू कर."

त्याने केला. टिंगटाँग, टिंगटाँग!

"आता तर लागोपाठ येतोय!"

"भलताच चिवट दिसतोय! सगळेच आवाज मुळासकट उपटतो."

बाहेरच्या खोलीत आईची चुळबुळ चालली होती. "अगं, एकदा बघू का?"

"बसा आई," बायको पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "कोंबडी आहे."

सगळे आवाज उपटून झाले, गेम पुन्हा चालू झाला, आणि काय आश्चर्य! टिंगटाँग थांबलं. एक मिनिट झालं, दोन झाली. शांत! दोघं मित्र फोनवर लहान पोरांसारखे ओरडले. "गेला रे गेला!"

मग दारावर धाडधाड थापा पडू लागल्या.

"हा नवीन काढलास वाटतं?" आईने विचारलं.

"नाही गं, असला आवाज मी केलाच ना..." चित्रकार वाक्य अर्धवट सोडून दार उघडायला धावला.

दारात मॅडम उभ्या होत्या. चेहरा लालबुंद, अंगठा त्याहून लाल. "वीस मिनिटं बेल वाजवतेय! फोन करावा तर तुमचा सतत व्यस्त!"

कशीबशी माफी मागून त्याने त्यांना पडद्यासमोर बसवलं. त्या रागारागाने खेळू लागल्या. पण तिसऱ्या उडीला त्यांना शेपटी दिसली आणि त्या खुदकन हसल्या. पहिला टप्पा संपला, दुसरा संपला. सगळं कसं चिडीचूप.

"कोंबडी फार गोड आहे हो! पण याला आवाज नाहीत?"

चित्रकार काही बोलायच्या आत आई मदतीला धावली. "आहेत की! तुम्ही ऐकलात ना बाहेर उभ्या राहून? अगदी तस्साच. दर उडीला!"

मॅडमनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग कोंबडीकडे. "दर उडीला? गेम आम्ही घेतो. पण एका अटीवर. आवाज करणारा जो कोणी माणूस आहे, त्याला आजच्या आज काढायचं!"

सहा महिने, कोंबडी, शेपटी, सोमवार, हसरी कुटुंबं, सगळं चित्रकाराच्या डोळ्यांसमोरून सरकलं.

"काढला, मॅडम!" तो ठणकावून म्हणाला. "मी तर कधीचा सांगतोय, तो माणूस काही कामाचा नाही!"

मॅडम खूश झाल्या. बायकोने पुस्तक तोंडासमोर धरलं. आणि आईने काळजीने विचारलं, "मग रात्री जेवायला एक माणूस कमी धरू का रे?"