ओजसच्या खिशातली चिठ्ठी

नरेशराव बोर्डाच्या भरारी पथकात एकवीस वर्षं होते. समोरचा पोरगा खिशातून रुमाल काढतोय की कॉपी, हे त्यांना वर्गाच्या दारातूनच कळायचं. नोकरी सुटली, पण संशय सुटला नाही. नागपूरहून आयर्लंडला, डब्लिनजवळच्या टॅलाला लेकीकडे येऊन त्यांना पंधरा दिवस झाले होते आणि आज अक्षयाला भेटायला ओजस डंडॉकहून येणार होता. दोघं तीन महिने फोनवर बोलत होती. लेकीला मुलगा पसंत होता, फक्त वडिलांचा होकार बाकी होता.

ओजस आला तो चिंब भिजून. "द्या, कोट वाळत घालतो," म्हणत नरेशरावांनी कोट काढून घेतला. वाळत घालताना हात आतल्या खिशाला लागला. लागलाच आहे तर बघू, म्हणून त्यांनी तिथली घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली.

'पहिला, २००७. गाडीच्या डिकीतून विकला, दोनशे नग. दुसरा, पोलिसांनी धरायच्या आधी. तिसरा, तुरुंगातून, फोनवर. चौथा, आईवर, एकदम मवाळ. पाचवा, देवाधर्माचा. सहावा, फक्त ओळखीच्यांना.'

नरेशरावांना दरदरून घाम फुटला. २००७ साली ओजस अकरा वर्षांचा असणार. म्हणजे धंदा वडिलोपार्जित होता.

बाहेर येऊन ते ओजससमोर बसले. "डंडॉक अगदी उत्तर आयर्लंडच्या सीमेवर ना?"

"हो काका. दहा मिनिटांत पलीकडे."

"जाणं होतं?"

"कधीकधी. पेट्रोल भरायला."

"फक्त पेट्रोल?"

"बाबा, त्याला पोहे तरी खाऊ द्या," अक्षया म्हणाली.

"खाऊ दे की. गाडीची डिकी मोठी आहे का हो तुमच्या?"

"ग्रँड आहे काका. दोन बॅगा आरामात बसतात."

आता मात्र नरेशरावांना राहवेना. त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "मग हे काय आहे?"

ओजसचा चेहरा पांढराफटक पडला. गंमत म्हणजे तो घाबरून नरेशरावांकडे नाही, अक्षयाकडे बघत होता. तिने चिठ्ठी वाचली.

"बाबा, हे मडफ्लॅप मर्विनचे अल्बम आहेत. मिसिसिपीकडचा रॅपर आहे. आधी सीडी डिकीतून विकायचा. मी कॉलेजपासून ऐकते."

"तू? तुरुंगातल्या माणसाला?"

"तुरुंगातलाच अल्बम सगळ्यात भारी आहे." मग ती ओजसकडे वळली. "पण तू तर म्हणाला होतास, तुला मर्विन तोंडपाठ आहे."

"पाठच करत होतो," ओजस पुटपुटला. "आज तू विचारशील म्हणून."

नरेशरावांनी मान डोलावली. गुन्हा दुसराच निघाला, पण निघाला होता. अक्षयाने ओजससमोरची पोह्यांची बशी बाजूला सरकवली. लग्न मोडतंय की काय, अशी आता नरेशरावांनाच धास्ती वाटली.

"ऐकलेस तरी?" तिने विचारलं.

"सहाही. दोनदा. गाडीत. चौथा आवडला, बाकीच्यांनी डोकं दुखतं."

"चौथा सगळ्यात भिकार आहे," असं म्हणून तिने त्याला आणखी पोहे वाढले. नरेशरावांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात पुण्याहून ओजसच्या आईचा, लीलावतीबाईंचा, व्हिडिओ कॉल आला. हवापाण्याचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अक्षयाला संगीताची आवड आहे म्हणे. हल्लीच्या मुली काय वाट्टेल ते ऐकतात, म्हणून आपलं विचारून घेते."

ओजस आणि अक्षया दोघांचे घास तोंडातच राहिले. नरेशरावांनी घसा साफ केला.

"आमच्याकडे तसलं काही नाही. एकाच कलाकाराचा व्यासंग आहे तिचा. पहिल्यापासून सगळं, क्रमाने."

"अरे वा. काय गातात ते?"

नरेशरावांनी मोबाईल थोडा उंच धरला, चिठ्ठी हळूच मांडीवर ओढली आणि खाली बघत म्हणाले, "एक आईवर आहे. आणि एक देवाधर्माचं."