दुपट्ट्याखालचा पिन

आमच्या पवनीत बसस्थानकाजवळ सगुणा लॉज आहे. तिथे कधी उतरलात आणि पैसे द्यायला कार्ड काढलंत, तर एक आरोळी ऐकायची तयारी ठेवा. "पाठ फिरवा!" हा हुकूम तुम्हाला नसतो, बाकी सगळ्यांना असतो. चहा पीत बसलेला बियाण्याच्या कंपनीचा माणूस, जंगल पाहायला आलेलं जोडपं, बादली घेऊन निघालेली झाडूवाली, सगळे मुकाट भिंतीकडे तोंड करतात. मग लॉजचे मालक बकारामजी खांद्यावरचा दुपट्टा काढतात, तुमचा हात आणि कार्डाची मशीन दोन्ही त्याखाली झाकतात आणि स्वतः डोळे मिटून घेतात.

"हं, टाका आता पिन."

"अहो, पण मला आकडे दिसत नाहीत!"

"म्हणूनच तं कोणालेच दिसत नाही जी. मधात पाचावर टिकली आहे, हाताले लागते. तिथून वर-खाली जा."

टिकली खरंच असते. पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा असतो, पुढच्या वेळी चाचपून पाहा.

बकारामजी मूळचे आसगावचे. लॉज काढण्याआधी ते बैलबाजारात दलाल होते. बैलाचा भाव तिथे तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी दुपट्ट्याखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं असोत, भाव दोघांतच राहतो.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवी नवरी होते. नागपूरची बी.ए., वेणीत मोगरा आणि डोक्यात हवा. बाजारात हा तरणाबांड बकाराम एका मिशीवाल्याचा हात दुपट्ट्याखाली धरून उभा, आणि दोघंही आभाळाकडे पाहताहेत. मी आमच्या ह्यांना विचारलं, "या दोघांचं काय चाललंय?"

"बैल विकून राहिले."

"मग इतकं लाजताहेत कशाला?"

हे इतक्या जोरात हसले की बैल बिचकला आणि सौदा मोडला. पुढे कितीतरी दिवस बकारामजी मला पाहिलं की म्हणत, "वहिनी, बाजाराकडे येऊन राहिल्या काय? मंग मी घरीच थांबतो."

बाजार सुटला, पण बैल काही सुटले नाहीत. कार्डावरची सोनेरी चिप म्हणजे त्यांच्या लेखी दात. "दात पाहू द्या," म्हणत ते कार्ड उजेडात धरतात, मळलेलं असलं तर दुपट्ट्याच्या टोकानं पुसतात. "दात आत घाला. उलटं घातलं तं खात नाही ते." रेंज नसली की "चाराले नेऊन आणतो" म्हणून मशीन अंगणातल्या कडुनिंबाखाली नेतात. मशीन विचारात पडली की म्हणतात, "रवंथ करून राहिली, हात नका लावू." शेवटी चिठ्ठी बाहेर आली की, "टाकलं एकदाचं!" काय टाकलं ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही.

आता बहुतेक लोक फोननंच पैसे देतात. त्यासाठीचा स्कॅन करायचा चौकोन त्यांनीही काउंटरवर चिकटवला आहे. पण त्यात त्यांचा जीव नाही. "त्याच्यात हात कुठं लागते हाताले?" म्हणतात.

दुसऱ्याचा पिन कानावर पडू देणं त्यांना पाप वाटतं. एकदा एका गृहस्थानं खालून बायकोला हाक मारली, "अगं, पिन काय आपला?" तिनं जिन्यावरून पहिला आकडा उच्चारला मात्र, बकारामजींनी काउंटरवरची घंटा बडवत "बजरंगबली की जय!" अशी गर्जना केली. वरच्या खोल्यांतले दोन प्रवासी आरती समजून हात जोडून खाली आले. त्यांना चहा पाजावा लागला.

चहा तर पिन चुकणाऱ्यालाही मिळतो. दोनदा चुकला की मशीन त्यांच्या काखेत जाते. "तिसऱ्यांदा चुकलं तं कार्ड बसते, मंग बँकेत नेऊन उठवा लागते. घाबरल्या माणसाचे हात त्याचे नसतेत जी. बसा, आधी चहा प्या."

"पाठ फिरवा" म्हटल्यावर एकच माणूस पाठ फिरवत नाही. काउंटरशेजारच्या खुर्चीत स्वेटर घालून बसलेली सगुणा, त्यांची बायको. "तिचं चालते," बकारामजी म्हणतात, "ते कोणाले सांगत नाही."

सगुणा माझी जुनी मैत्रीण. तिच्या घरात सासू, आजेसासू, दोन जावा, नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. म्हणून बकारामजींनी तिला बाजाराची बोटं शिकवली होती. सगळ्यांदेखत पानसुपारी देताना दुपट्ट्याखाली हात जायचा. एक बोट म्हणजे चहापत्ती संपली. दोन म्हणजे माहेरी जायचंय. चार बोटं म्हणजे काय, ते तिनं मला विहिरीवर सांगितलं आणि दोघींच्या हसण्यानं बादली सुटून पाण्यात गेली. ते मी इथे लिहिणार नाही. नातवंडं वाचतात.

आता सगुणाला काही आठवत नाही. मी शेजारची, तरी मला रोज नव्यानं विचारते, "तुम्ही कोणाकडच्या जी?" आणि बकारामजींनाच नवऱ्याबद्दल विचारते, "मालक आले काय बाजारातून?" उत्तर देण्याआधी ते तिच्या तोंडाकडे पाहतात. आज तरी ओळखेल, असं वाटत असावं. मग म्हणतात, "येऊन राहिले."

यंदा माझ्या नातीचं लग्न झालं. वरपक्ष सगुणा लॉजवर उतरला होता. लेक म्हणाला, "आई, लॉजचे पैसे मी फोनवरून देतो." मी म्हटलं, नाही, नातीच्या लग्नात आजीचंही काही असू दे. माझं पेन्शनचं कार्ड होतं. ते घेतलं तेव्हा मी साठीतली तरुण होते, बँकेत सांगून आले होते की लग्नाची तारीख वगैरे पिन ठेवायला मी बावळट नाही. असा हुशार पिन ठेवला की चोराला सुचू नये. तो मलाही सुचेना.

पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही. मागून विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे, बाई, लिहूनच ठेवतात. वय झालं की व्हायचंच." आता तिसऱ्यांदा चुकला असता, तर कार्डाबरोबर मीही बसले असते, सगळ्या वऱ्हाडासमोर.

"पाठ फिरवा!"

नवरदेव फेट्यासकट फिरला. बँडवाला पिपाणीसकट फिरला. विहीणबाई सगळ्यात शेवटी फिरल्या, पण फिरल्या. माझ्या हातावर दुपट्टा पडला. आत उबदार काळोख होता.

"वहिनी," बकारामजी हळूच म्हणाले, "डोस्क्याले सांगा बाहेर बसाले. बोटायले एकटं जाऊ द्या. डोस्कं विसरते, बोटं नाही विसरत."

मी डोळे मिटले. पाचाची टिकली लागली. पुढे बोटंच गेली.

"टाकलं एकदाचं!"

विहीणबाईंच्या तोंडावरचा भाव पाहण्याच्या नादात मी कार्ड मशीनमध्येच विसरून घरी आले. वऱ्हाड गेल्यावर, दुपारी, ते आणायला परत निघाले. वाटेत ठरवलं, बकारामजींना विचारायचं, बोटं विसरत नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं?

लॉज सुनसान होता. बकारामजी सगुणाच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसले होते. दोघांच्या हातांवर दुपट्टा होता. बकारामजींचे डोळे नेहमीसारखे मिटलेले.

सगुणा एकदम लाजली. पदर तोंडाशी नेत म्हणाली, "अगा बाई! चार बोटं कायले दाबून राहिले जी? आमचे मालक आता येतीन बाजारातून."

"येऊ द्या," बकारामजी म्हणाले.

ती हसली. दुसरा हात काही तिनं दुपट्ट्याखालून काढला नाही.

मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी दारातच पाठ फिरवली.