भानुदास गुरुजी आणि पत्रिकेतली युद्धं

आमच्या घाटनांदुरात लग्न निघालं की पहिला मान कुलदैवताचा आणि दुसरा भानुदास गुरुजींचा. कुलदैवत निदान जागेवर बसून असतं. गुरुजी सकाळी नऊला माझ्या छापखान्यात येतात, पंख्याखालची खुर्ची ओढतात आणि त्या दिवशी छापायला जाणाऱ्या प्रत्येक लग्नपत्रिकेचं प्रूफ मागून घेतात. त्यांना या कामावर कुणी नेमलेलं नाही. मी तर मुळीच नाही.

शुद्धलेखनाशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. ते फक्त नावं वाचतात आणि कोण राहिलंय ते शोधतात. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरी शोधायला चष्मा लागतो, इतकी इतर मंडळी असतात. आजोबा, चुलते, मामा, जावई, आजी-माजी सरपंच आणि तळाशी किलबिल करणारी नातवंडं. एवढ्या गर्दीत कोण नाही, हे गुरुजींना एका नजरेत कळतं.

परवाच बाबूराव मुलाची पत्रिका घेऊन आले. गुरुजींनी बोट फिरवलं आणि मध्येच थांबवलं.

"बाबूराव, थोरल्या चुलत्याचं नाव कुठाय?"

"राहिलं असंल, गुरुजी. तसंबी ते कुठं येत न्हाईत."

"राहिलं असंल?" गुरुजी उठून उभे राहिले. "इंग्लंड आन् स्पेन एका कप्तानाच्या कापलेल्या कानावरून भिडले, ठावं हाय का? कानावरून! तुमचा तर आख्खा चुलता राहिलाय!"

बाबूरावांना स्पेन ठाऊक नव्हता, पण चुलता ठाऊक होता. त्यांनी निमूटपणे नाव घालायला सांगितलं.

गुरुजींनी हयातभर जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला. मी त्यांचाच विद्यार्थी. पुस्तकातला धडा ते पंधरा मिनिटांत उरकायचे आणि मग पुस्तक मिटून म्हणायचे, "आता खरा इतिहास. हे पुस्तकात न्हाई, पन घडलंय." मग आम्हाला जे मिळे ते जगात दुसऱ्या कुठल्या वर्गाला मिळत नसावं. एका बादलीपायी इटलीतली दोन शहरं कशी लढली. एका डुकरानं शेजाऱ्याचे बटाटे खाल्ले म्हणून अमेरिका आणि इंग्लंड यांच्या फौजा एका बेटावर कशा समोरासमोर येऊन बसल्या, आणि शेवटी मेलं कोण, तर फक्त डुक्कर. मी सहामाहीत महायुद्धाच्या कारणांमध्ये हे डुक्कर लिहून आलो. पेपर दुसऱ्या गुरुजींनी तपासले. त्यांनी माझ्या वडिलांना शाळेत बोलावून घेतलं.

निवृत्त झाले तरी गुरुजींचा वर्ग काही सुटला नाही, फक्त गावभर पसरला. रानडुकरांनी भुईमूग उकरला म्हणून ग्रामसभेत कुणी बंदुका मागितल्या, तेव्हा गुरुजी मागच्या रांगेतून म्हणाले, "ऑस्ट्रेलियानं इमू पक्ष्यांवर मशीनगन घेऊन फौज धाडलती. पक्षी जिंकले. तुमी लई शहाणे असाल तर बघा बाबा." ठराव बारगळला. वऱ्हाड किती आणायचं यावरून बैठकीत ताणाताणी झाली की त्यांचं लिश्टेनस्टाइन ठरलेलं. तो म्हणे एवढासा देश, त्यानं ऐंशी शिपाई लढाईला पाठवले आणि परत आले एक्क्याऐंशी. वाटेत एक दोस्त मिळाला. "फौजेचं असं होतंय, तर वऱ्हाडाचं काय सांगावं? चार पत्रावळी जादा धरा." मुलीकडचे हसतात, मुलाकडचे हसतात, आणि बैठक सुटते. त्यांच्या इतिहासाचा उपयोग काय, असं मला कुणी विचारलं तर मी ही बैठक सांगतो.

आता हे पत्रिकेचं वेड कुठून आलं ते सांगतो. गावात सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांच्यासमोर कुणी काढत नाही.

गुरुजींना एकच बहीण, कुसुमताई. दिलीय परळीला. गुरुजींनी लग्न केलं नाही, त्यामुळे बहिणीच्या दोन मुली त्याच यांच्या. थोरलीच्या लग्नात पत्रिकेचा मजकूर मामानं मोठ्या हौसेनं स्वतः लिहिला. सगळ्यांची नावं घातली. आमदार घातले, माजी आमदार घातले, शाळेचे मुख्याध्यापक घातले. राहिला तो कुसुमताईंचा सख्खा दीर. दीर मांडवातून न जेवता उठला. पुढं घरात दोन चुली झाल्या, आणि "तुझ्या भावानं घर फोडलं" हे कुसुमताई सासूच्या तोंडून रोज ऐकत राहिल्या. त्या भाऊबीजेला यायच्या थांबल्या. फोन उचलायच्या थांबल्या. दरवर्षी भाऊबीजेला गुरुजी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दारात खुर्ची टाकून बसतात. परळीची गाडी येऊन गेली की खुर्ची आत नेतात. मी समोरच राहतो, म्हणून मला हे दिसतं. दिसलं की वाईट वाटतं.

या फेब्रुवारीत माझ्या मोबाईलवर एका पत्रिकेच्या मजकुराचा फोटो आला. नवरीचं नाव मी दोनदा वाचलं. कुसुमताईंची धाकटी मुलगी. परळीत हव्या तेवढ्या प्रेस असताना ही पत्रिका घाटनांदूरला कशी आली, याचा विचार करायचंही मला सुचलं नाही. आठ दिवस चालढकल करून शेवटी मी मजकूर लावला, प्रूफ काढलं आणि ते रद्दीखाली सारत होतो, तेवढ्यात गुरुजी आले.

"लपवतूस कावून? आण इकडं."

दिलं. दुसरं काय करणार? त्यांनी नवरीचं नाव वाचलं. मग चष्मा काढून पुसला, परत घातला आणि बोट फिरवायला सुरुवात केली. आजोबा. मांडवातून उठलेला तो दीर, चुलत्यांत सगळ्यात वर, ठळक अक्षरात. चुलते. बोट 'मामा' या शब्दाखाली गेलं. तिथं मावसमामा होते, चुलतमामा होते. सख्खा मामा नव्हता.

मी वाट बघत राहिलो. आता कान निघेल, बादली निघेल, डुक्कर निघेल. काही निघालं नाही. बोट पुढं सरकलं.

"गुरुजी," मी न राहवून म्हणालो, "मी घालतो की तुमचं नाव. चुकून पडलं म्हनून सांगंन."

"न्हाई. तिचा कागद हाय. तिनं लिवलं तेच छापायचं." मग त्यांचं बोट एकदम थांबलं आणि आवाज बदलला. "ए, फोन लाव परळीला! धाकट्या नंदेच्या मालकाचं नाव न्हाई ह्यात. घरचा जावई हाय तो! आता मांडवात पुन्हा कुनी उठलं तर पोरीचं काय व्हईल? लाव फोन. आन् हे मी धरलं म्हनून सांगू नकू."

मी फोन लावला आणि सवयीनं स्पीकरवर टाकला.

"ताई, प्रूफ बघितलं. जावयाचं नाव राहिलंय, धाकट्या नणंदेच्या मालकांचं."

"अगं बाई!" पलीकडून आवाज आला. "खरंच की. माज्या ध्यानातच न्हाई. मोठा घोटाळा झाला असता, विलासभाऊ." कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. "हे कुनी धरलं?"

गुरुजींनी माझ्याकडे बघून दोन्ही हात हलवले. खोटं बोलायचं म्हटलं तर गुरुजी समोर, आणि खरं बोलायचं म्हटलं तरी गुरुजी समोर.

"दादा बसलाय का तिथं?"

पंखा कुरकुरत होता. गुरुजी खुर्चीच्या अगदी कडेला सरकून बसले होते, वर्गात नाव पुकारलेल्या पोरासारखे.

"बसलेत, ताई."

"मग त्याला इचारा, चष्म्याचा नंबर वाढला का काय त्याचा? जावई राहिलेला दिसतूय, आन् मामा राहिलेला दिसंना व्हय? मुद्दाम तुमच्याकडं पत्रिका धाडून म्या आठ दिस झाले वाट बघाय लागले, आत्ता ह्याचा फोन यील, मग यील. भांडाय तरी करंल म्हनलं. ह्येच्या तोंडाला कुलूप!"

गुरुजी फोनजवळ वाकले.

"कुसे," ते म्हणाले, "चुकलं गं माजं."

"ठावं हाय मला. माजंबी लई ताणून झालं." ताईंचा आवाज ओला झाला होता. "हळदीच्या आदल्या दिशी ये. मुक्कामाला ये. पोरगी रोज इचारती, मामा येनार हाय का म्हनून."

फोन बंद झाला. मी प्रूफ त्यांच्यापुढं केलं आणि पेन दिलं. त्यांनी घेतलं, 'मामा'खाली टेकवलं, आणि तसंच धरून बसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"तूच लिही, इलास," ते म्हणाले. "मला दिसंना काई."