करंटाला अंघोळ

आमचे शेजारी जनूकाका सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि तांब्यात उरलेलं पाणी घेऊन घरामागे जातात. तिथे विजेच्या अर्थिंगचा खड्डा आहे. जांभ्याच्या कातळात दोन पहारी वाकवून खणलेला, मीठ-कोळसा भरलेला, वर लोखंडी झाकण. ते उचलून काका हळूहळू धार सोडतात आणि म्हणतात, "पी रे बाबा, पी." मासे घेऊन येणाऱ्या पारूमावशीनं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पाटी उतरवून हात जोडले. "ह्यो कुठचा देव गो?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "करंटाचा." तेव्हापासून ती जाता-येता नमस्कार करते. उगाच कशाला कुणाशी वाकडं घ्या!

बँकेत होते तोवर काका चारचौघांसारखे होते. रिटायर झाले, गाणं ऐकायचं भारीतलं मशीन आणलं आणि बिघडले. मशीन नव्हे, काका. त्या मशीनचा आवाज म्हणे हवा तसा येईना.

"स्पीकर बदलून बघा," मी सुचवलं.

"स्पीकर काय करील? पाणीच गढूळ असेल तर आमटी कशी व्हायची? अगो, करंट घाणेरडा आहे!"

करंट घाणेरडा आहे, हे काकांचं उत्तर. प्रश्न कुठलाही असो. तो धुवायला आधी अर्थिंगचा खड्डा झाला, मग वायरी यायला लागल्या. भिंतीतल्या प्लगपासून मशीनपर्यंत जेमतेम हातभर अंतर, पण त्यासाठी मनगटाएवढी वायर. मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलर बांधून ठेवता आला असता तिनं. ती जमिनीला टेकली की म्हणे आवाज बसतो, म्हणून तिच्याखाली काकूंच्या बेसनाच्या वड्या थापायच्या लाकडी पाटाचे तुकडे लावलेले. हौसेला मोल नाही म्हणतात, पण पाटाला होतं की!

काकांचे शत्रू दोन. एक, बंदरावरचे बर्फाचे कारखाने. "त्यांच्या मोटारी सुरू झाल्या की माझ्या गाण्याला मासळीचा वास येतो." दुसरा शत्रू माझा मिक्सर. रविवारी सकाळी मी खोबरं-मिरच्या भांड्यात घातल्या की कुंपणावरून हाक ठरलेली, "वैशाली, थांब गो! गाणं लावतोय. तुझी चटणी माझ्या करंटात येते." निम्म्या रविवारी आम्ही घावणे गुळाशी खाल्लेत.

नवी वायर आली की परीक्षेला मला बसवायचे. आधी जुनी लावायची, मग नवी. आवाज अगदी बारीक. मोठ्यानं लावणं म्हणजे शुद्धपणा झाकणं, असं त्यांचं मत.

"आता बाई पुढे आल्या की नाही?"

"कुठल्या बाई?"

"गाणाऱ्या! आधी भिंतीपाशी होत्या. आता सोफ्यापर्यंत आल्या."

"मग चहा टाकू का त्यांना?"

काका रागावले. मला खरंच काही फरक कळत नव्हता. आणि गंमत सांगते, काकांनाही कळत नव्हता. ह्या माणसाला आरती आणि अंगाई यातला फरक सांगता येत नाही! गाणं सुरू झालं की पाचव्या मिनिटाला मान छातीवर. मग हा खटाटोप कुणासाठी, असं कुणालाही वाटेल.

पण निकाल काकांचा नसायचाच. तो सुमतीकाकूंचा. काकू माहेरी, देवरूखला, गाणं शिकलेल्या. मशीन आणलं ते त्यांच्यासाठी. वेताच्या खुर्चीत डोळे मिटून त्या बसत. काका वाकून विचारत, "काय गो, तानपुरा आला?" काकू म्हणत, "आला हो थोडा." त्या 'थोडा'वर पुढची वायर यायची. काकूंचा स्वतःचा तानपुरा मात्र वर्षभर कोपऱ्यात गवसणीत होता. आताशा त्या हाकेला ओ देत नसत. पारूमावशी ओरडून ओरडून पुढच्या घरी जायची. आम्ही म्हणायचो, वय झालं, तंद्रीत असतात.

गेल्या महिन्यात मुंबईहून करंट स्वच्छ करणारा डबा आला. "डबा नव्हे, कंडिशनर म्हण," काकांनी बजावलं. मला बोलावणं झालं. संथ आलाप लागला. काकू डोळे मिटून गुडघ्यावर बोटं टेकवत होत्या. तेवढ्यात डब्यात टक् झालं, लाल दिवा लागला आणि मशीन बंद पडलं. पंखा मात्र फिरत होता.

काकूंची बोटं थांबली नाहीत.

"आज अगदी स्वच्छ येतोय हो तानपुरा," डोळे न उघडता त्या म्हणाल्या.

खोलीत पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं, तर काकांनी हात वर करून मला थांबवलं. इतका घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता. ते खुर्चीपाशी फरशीवर बसले, काकूंचा हात धरला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाले, "सुमे, करंट चांगला आहे गो. करंटाला काही झालेलं नाही."

काकूंनी डोळे उघडले. लाल दिव्याकडे पाहिलं. "मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही एवढं खपत होतात. येत नाही कसं म्हणू?"

"उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"भीती वाटते हो."

"मलाही," काका म्हणाले. मी उठून घरी आले. तिथे मला काही काम नव्हतं.

काकूंना कानाचं यंत्र मिळालं. नंतरच्या रविवारी मी चटणीचं भांडं लावून सवयीनं हाकेची वाट पाहिली. हाक आली नाही. मी मिक्सर सुरू केला. दोन मिनिटांत काकू मागच्या दारात हजर. "वैशाली, मेला तो मिक्सर बंद कर! कान किटले गो माझे!"

अर्थिंगच्या झाकणापाशी काका रिकामा तांब्या घेऊन उभे होते. हसत होते, आणि पंच्याचं टोक डोळ्यांना लावत होते. "अजून वाट गो चटणी," मला म्हणाले. "थांबू नको."

चटणी पार गंधासारखी झाली, तरी मी मिक्सर बंद केला नाही.